कुठला हात जास्त दुखला?

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घातलेल्या बांबूच्या वलांड्यांच्या सावलीत, द्वारका राऊत मांडीवर पुठ्ठा घेऊन बसल्या होत्या. कमळी वैती नावाच्या कोळणीला त्या अकरावा प्रश्न विचारत होत्या.

"मागच्या खेपेला बांगड्या भरल्यात, तेव्हा कुठला हात जास्त दुखला?"

कमळी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी काठीवर टाकत होती. ती थांबली आणि हसली.

"हे काय इचारनं? उजवा. हा बघा, टोपल्या उचलून कसा झालाय. कासार आला का मी आधी डावा पुढं करते. उजव्याला त्याला साबन लागतो."

द्वारकाबाईंनी उत्तर टिपलं. "आणि सासूबाईंचा?"

"तिला नका इचारू. तिचा उजवा हात दर्याला दिलाय."

म्हातारी पलीकडे सावलीत बसली होती. तिच्या डाव्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा होता आणि उजवा मनगटापासून मोकळा. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या समुद्रात सोडायच्या, म्हणजे नवरा सुखरूप परत येतो. मग जन्मभर चुडा एकाच हातात. तिच्या वयाच्या कोळणींची ही रीत द्वारकाबाईंना ऐकून माहीत होती, पण प्रश्न लिहिताना लक्षात आली नव्हती. त्यांनी समासात लिहिलं : म्हाताऱ्या बायकांना हा प्रश्न चालणार नाही. तुलनेला दुसरा हात नाही.

"तुमच्या तर दोनी हातांत हायेत," कमळी म्हणाली. "तुमचा कंचा दुखला?"

उलट प्रश्न आला की काय म्हणायचं हे द्वारकाबाईंचं ठरलेलं होतं. 'माझं कशाला, मी पगारी विचारणारी.' त्यावर बायका हसत आणि काम पुढे सरकत असे. या वेळी त्या आठवायला लागल्या. मे महिन्यात भरलेल्या बांगड्या त्यांना आठवत होत्या. उजव्या हाताची कळ आठवत होती. डाव्या हाताचं काहीच आठवत नव्हतं.

"उजवा," त्या म्हणाल्या.

"न् डावा?"

द्वारकाबाईंनी डाव्या हाताकडे पाहिलं.

"बोला की! आमाला खोदून खोदून इचारता न् सोता मुक्या."

द्वारकाबाईंनी पुठ्ठ्याचा चाप लावला आणि त्या उठल्या. बारावा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. हाती घेतलेली मुलाखत अर्धी सोडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

हे सर्वेक्षण कुष्ठरोगाचं होतं. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने १९८३च्या पावसाळ्यानंतर ते वसईच्या किनारपट्टीत सुरू केलं. छापील फॉर्मवर तो शब्द कुठेही नव्हता. महारोग हा गावातला शब्द तर उच्चारायचीही मनाई होती. मुलाखतकारांनी फक्त विचारायचं होतं. ज्या घरात संशय येईल तिथे नंतर डॉक्टर जाणार होते.

द्वारका राऊत यांचं माहेर उमेळ्याचं. वडिलांची केळीची आणि फुलांची वाडी होती. मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षांनी त्या होळी गावातल्या राऊतांच्या घरी आल्या, आणि वाडीच्या कामात त्यांची आठ वर्षं गेली. १९७४ साली याच संस्थेला आहाराच्या पाहणीसाठी स्थानिक, लिहितावाचता येणाऱ्या बायका हव्या होत्या. तेव्हा रोजंदारीवर त्यांनी हे काम धरलं. त्या फॉर्मवर पहिला प्रश्न होता : आपण रोज काय जेवता? सगळ्या घरांतून एकच उत्तर येत होतं. डाळ, भात, भाजी, मासळी. चूल थंड असलेल्या घरातूनही तेच. तिसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी कुणाला न विचारता प्रश्न बदलला. काल संध्याकाळी चुलीवर काय होतं? उत्तरं वेगवेगळी येऊ लागली. वरिष्ठांनी आधी त्यांना झापलं आणि नंतर प्रश्नावली करणाऱ्यांच्या बैठकीला बसवलं.

तेव्हापासून नव्या मुलींना शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्या सांगत ते साधं होतं. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारायची. नेहमी काय होतं ते विचारायचं नाही, मागच्या वेळी काय झालं ते विचारायचं. शेजारीण ऐकत असतानाही बाईला मान खाली न घालता उत्तर देता आलं पाहिजे. आणि कुठलाही प्रश्न गावात नेण्याआधी तो स्वतःला विचारायचा.

कुष्ठरोगाच्या प्रश्नावर त्यांनी उन्हाळाभर डोकं शिणवलं होतं. संस्थेकडून आलेला प्रश्न असा : घरात कुणाच्या अंगावर बधिर चट्टा आहे का? चाचणीला घेतलेल्या गावात सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं आणि एका घराने दार लावून घेतलं. चट्टा म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी तो फिरवला : लागलं-खुपलं तरी दुखत नाही असं होतं का? यावर निम्म्या बायका हो म्हणाल्या, आणि मान ताठ करून म्हणाल्या. दुखणं सोसणं ही त्यांच्या दृष्टीने कौतुकाची गोष्ट होती. रोगी आणि सोशीक यांची उत्तरं एक झाली. प्रश्न वाया गेला.

बांगड्यांचा प्रश्न मे महिन्यात सुचला. घरात पुतणीचं लग्न होतं. शत्रुघ्न कासार पडवीत चटई टाकून बसला होता आणि घरातल्या, आळीतल्या बायका एकेक करून त्याच्यापुढे हात धरत होत्या. प्रत्येक बाई ओरडत होती आणि प्रत्येक बाई एका हाताला दोष देत होती. द्वारकाबाईंच्या लक्षात आलं, की 'दुखलं का' असं विचारलं तर बाई शूर होते. 'कुठला जास्त दुखला' विचारलं तर दुखणं धरूनच चाललेलं असतं, मग खरं सांगायला कमीपणा वाटत नाही. जिचा एक हात कळतच नाही ती अडखळते. तिथे खूण करायची.

त्याच चटईवर त्यांची पाळी आली तेव्हा डाव्या हातावर एक बांगडी मोडली. काच करंगळीच्या बाजूला घुसली. त्या बोलत होत्या, बोलतच राहिल्या. त्यांची जाऊ यशोदा ओरडली, "अगो, रक्त! बघ तरी!" मग सगळ्या हसल्या. कासारही म्हणाला, "राऊतांची ही सून दगडाची आहे." द्वारकाबाईंनाही बरं वाटलं होतं. बोटाला चिंधी बांधून त्या वाढायला उठल्या, आणि रात्री डबे घासून झाल्यावर त्यांनी प्रश्न कागदावर उतरवला. गावात नेण्याआधी तो स्वतःला विचारायचा राहिला. आपल्याला काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असावं.

कमळीकडून उठल्यावर किनाऱ्यावरच, डागडुजीसाठी ओढून ठेवलेल्या एका होडीच्या आडोशाला त्या बसल्या. क्लेमेंटीन डाबरे पलीकडच्या आळीतली तिची घरं संपवून येत होती. ती नंदाखालची, सव्वीस वर्षांची. द्वारकाबाईंच्या हाताखाली हे तिचं दुसरं सर्वेक्षण.

"काय ओ बाई, आज लवकर? की कोळणींनी हाकललं?"

"पेन दे तुझं."

"तुमचं कुठे गेलं?"

"दे म्हणते ना." द्वारकाबाईंनी डावा हात तिच्यापुढे धरला. "डॉक्टरांनी आपल्या प्रशिक्षणाच्या वर्गात दाखवलं होतं तसं कर. मी डोळे मिटते. तू टेकव, मी दुसऱ्या हाताचं बोट तिथे ठेवते."

क्लेमेंटीनचं हसू गेलं. "आपण विचारायचं, तपासायचं नाही. तुम्हीच सांगता."

"कर."

डोळे मिटण्याआधी द्वारकाबाईंनी एक गोष्ट पाहून घेतली. क्लेमेंटीन त्यांचा हात धरते की नाही. तिने क्षणभर पदराला हात पुसला. मग मनगट धरलं. तिची पकड घट्ट नव्हती.

अंगठ्याजवळ टोक लागलं. द्वारकाबाईंनी बोट ठेवलं. तळव्याच्या मध्यावर लागलं, तिथेही ठेवलं. मग काही झालं नाही. वलांडीवर कावळे ओरडत होते, दूर कुणीतरी बाई मुलाला शिव्या देत होती. द्वारकाबाई वाट पाहत राहिल्या. त्यांना वाटलं, पोरगी घाबरली, थांबली.

"कर ना. सुरू कर पुढे."

डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी मान वळवली.

"क्लेमेंटीन?"

"मी थांबलेच नाही, बाई."

त्यांनी डोळे उघडले. करंगळीवर, करंगळीच्या खालच्या मांसावर, मनगटाच्या कडेपर्यंत निळ्या शाईचे ठिपके होते. मे महिन्यातली काचेची खूण त्या ठिपक्यांच्या मधोमध होती.

डॉक्टरांनी वर्गात सांगितलं होतं, की आता चांगली औषधं आहेत, रोग बरा होतो, लवकर आलं तर बोटंही वाकत नाहीत, आणि भांड्यातून, कपड्यातून तो सहज पसरत नाही. द्वारकाबाई हेच सगळं गेले दोन महिने मुलींना पाठ करून घेत होत्या. आता त्यातलं एकही वाक्य त्यांच्या उपयोगी पडलं नाही. त्यांना दिसत होती ती वाडीच्या टोकाची विहीर आणि तिच्याजवळची खोपी.

त्या खोपीत त्यांचे चुलत सासरे, गंगाराम, राहत होते. द्वारकाबाई लग्न होऊन आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूने केळीच्या पानावर भात वाढून दिला आणि सांगितलं, दगडावर ठेवायचं, हाक मारायची, मागे वळायचं. सहा वर्षं त्यांनी तसं केलं. 'काका, पान ठेवलंय.' केळींच्या रांगेआड गेल्यावरच तो माणूस बाहेर येई. आळीत सांगितलेलं होतं, की गंगाराम मुंबईला गिरणीत आहे. १९७१च्या जनगणनेला शिक्षक दारात आले, तेव्हा सासूने बोटांवर मोजून घरातली माणसं सांगितली. द्वारकाबाई दाराआड उभ्या होत्या. गंगाराम त्यात नव्हते. पुढच्या वर्षी ते गेले.

"फॉर्म भरायला पाहिजे," क्लेमेंटीन हळूच म्हणाली. "संशय आला की भरायचा, असं तुम्हीच..."

"होळी आपल्या नमुन्यात नाही. निवडलेली गावं तुला माहीत आहेत."

"म्हणजे तुमच्याकडे डॉक्टर येणारच नाही."

"नाही."

"मग तुम्ही कुठेच नाही, बाई."

द्वारकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आपण काय बोललो हे पोरीच्या लक्षात आलं नव्हतं. गंगारामकाकांबद्दल तिला काही माहीत असायचं कारण नव्हतं. तिने एक कोरा फॉर्म काढला आणि पुठ्ठ्यावर लावला. "नमुन्यात नाही तर नाही. मी विचारते. सवय म्हणून. तुम्ही सांगा."

"विचार."

"नाव?"

द्वारकाबाई वाळूकडे बघत राहिल्या. हा फॉर्म त्यांनी स्वतः मांडला होता. पहिली ओळ नावाची, सगळ्याच फॉर्मांवर असते म्हणून. नाव लिहून झाल्यावर पुढचं काहीही सांगितलं तरी ते त्या नावाखाली राहणार होतं. नाव, मग घरच्या कर्त्याचं नाव, मग गाव, आळी. अकराव्या प्रश्नापर्यंत पोचायच्या आधीच बाईने सगळं घर बांधून दिलेलं असणार. बांगड्यांच्या प्रश्नाला मग ती खरं का सांगेल?

"दुसरं विचार," त्या म्हणाल्या.

"दुसरं काय? पहिला तर झालाच नाही."

"नाव शेवटी. सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी बांगड्या, आधी चूल, आधी बाकीचं. नाव द्यायचं की नाही हे तिला सगळं बोलून झाल्यावर ठरवू दे."

"आज हे सुचतंय तुम्हाला?" क्लेमेंटीनचा आवाज चढला. "आणि शंभर घरं झाली त्यांचं काय?"

"ती परत करावी लागतील."

"साहेब मारतील."

"मारू देत. उद्या पहिल्या गाडीने मुंबईला चिठ्ठी पाठव, झालेल्या मुलाखती रद्द म्हणून."

"आणि तुमचं काय? तुम्ही उद्या काय करणार?"

द्वारकाबाई उठल्या, साडीची वाळू झटकली आणि एसटी स्टँडकडे चालू लागल्या. क्लेमेंटीन मागून आली. वसईच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. पोरीने पिशवी मांडीवर घेतली आणि मध्ये एक वीतभर जागा राहिली. ती जागा आधीही राहत होती का, हे द्वारकाबाईंना आठवेना. सुटे पैसे देताना त्यांनी डावा हात पदराखाली ठेवला. नंदाखालच्या फाट्यावर उतरताना क्लेमेंटीन वाकून म्हणाली, "उद्या बुधवार आहे. वसईच्या दवाखान्यात चामडीचा डॉक्टर बुधवारी असतो. मी दाराशी उभी असते. तुम्ही नाही आलात तर मी होळीला येईन, सांगून ठेवते."

"घरी येऊ नकोस."

"मग दवाखान्यात या."

घरी पोचल्यावर द्वारकाबाई आधी विहिरीवर गेल्या. शाई जात नव्हती. नारळाच्या काथ्याने त्या घासत राहिल्या, आणि किती जोर लावतोय हे कळत नसल्यामुळे करंगळीखालची कातडी सोलवटली. रक्त बघूनच त्या थांबल्या.

स्वयंपाकघरात यशोदा भाताचं पातेलं उतरवायच्या तयारीत होती. "बरी आलीस. हे घे जरा, मी आमटीकडे बघते." रोज पातेलं द्वारकाबाईच उतरवत, फडकं न घेता. घरात त्याचंही कौतुक होतं. आज त्यांनी फडकं घेतलं, तेही दुहेरी.

"काय ग, हात नाजूक झाले वाटतं कचेरीत जाऊन?"

"भाजलं परवा."

"तुला? भाजलं?" यशोदा हसली. "आता जगबुडी जवळ आली."

पानं वाढली गेली. पुतण्याच्या पानात भात वाढताना द्वारकाबाईंनी पळी उजव्या हातात घट्ट धरली आणि डावा मांडीवर. प्रत्येक ताट कुणाच्या हातून कुणाकडे जातं ते त्या बघत होत्या. यशोदेचं धाकटं पोर त्यांच्याच तांब्यातून पाणी प्यायलं. त्यांनी तांब्या ओढून घेतला, तेव्हा ते रडायला लागलं आणि यशोदा म्हणाली, "एवढी कशाला खेकसतेस?"

जेवणं झाल्यावर आत्माराम, त्यांचा नवरा, अंगणात कंदिलापुढे बसून सकाळच्या बाजाराचे केळीचे लोंगर कापून लावत होता. द्वारकाबाई पायरीवर बसल्या. त्याला सरळ विचारलं असतं, की माझं असं काही झालं तर ठेवशील का, तर तो ठेवीन म्हणाला असता. कुठलाही नवरा म्हणाला असता. असे प्रश्न लिहू नका, असं त्या मुलींना सांगत. काय कराल, ते विचारायचं नाही. मागच्या वेळी काय केलंत, ते विचारायचं.

"गंगारामकाका गेले त्या दिवशी पान कुणी नेलं होतं?"

आत्मारामने कोयता थांबवला. "आज कुठून काढलंस?"

"कामात निघालं काहीतरी. सांग ना."

"मीच. तू उमेळ्याला होतीस."

"मग?"

"मग काय? सकाळचं पान तसंच दगडावर होतं. मुंग्या लागलेल्या. म्हटलं झोपले असतील. संध्याकाळचं त्याच्या शेजारी ठेवलं."

"आत नाही गेलास?"

"दुसऱ्या दिवशी गेलो. सगळे मिळून." त्याने एक लोंगर उचलून टोपलीत आडवा घातला. "खोपी त्याच दिवशी पेटवली. दादा म्हणाले, तसंच करतात."

"त्यांना घरात घ्यावं असं तेव्हा कोण म्हणालं?"

हा प्रश्न चुकीचा होता, उत्तर सुचवणारा. विचारताक्षणी त्यांना ते कळलं.

"कुणी कशाला म्हणेल?" आत्माराम म्हणाला. कोयता पुसत त्याने भर घातली, "मला रात्री हाक आल्यासारखी वाटली होती. मी उठलो नाही." मग कंदिलाची वात कमी करत त्याने विचारलं, "उद्या कुठं काम? अर्नाळा?"

"वसईत."

"मग गाडीतून सोडतो पारनाक्यापर्यंत. लोंगर टाकायचेच आहेत."

त्या नको म्हणाल्या नाहीत. नको म्हटलं असतं तर त्याने का म्हणून विचारलं असतं. डावा हात त्यांनी उजव्या हाताखाली दाबून धरला होता. दाब उजव्याला कळत होता.

उद्या बुधवार. अर्नाळ्याच्या झालेल्या मुलाखती रद्द केल्याची चिठ्ठी क्लेमेंटीनने पहिल्या गाडीने मुंबईला पाठवायची आहे. वसईच्या दवाखान्यात त्वचेच्या तपासणीची खिडकी नऊ वाजता उघडते. केसपेपर तिथेच काढतात, आणि खिडकीवर पहिला प्रश्न नावाचा असतो.